घरच्या दूरध्वनीचे बिल सव्वाआठशेऐवजी दीड हजारावर: आकडे कसे वाचावेत आणि किती भरावे?

प्रश्न: शहापूर, बेळगाव

सर्वांना नमस्कार. शहापुरातील आमच्या घरी सासऱ्यांच्या नावावरचा जुना दूरध्वनी आहे. सासरे आता हयात नाहीत. घरी सासूबाई आणि मी असतो, तर माझे यजमान नोकरीनिमित्त पुण्याला असतात. १ जूनपासून तांब्याच्या तारेऐवजी फायबरची जोडणी झाली, पण ०८३१ चा जुना क्रमांक तोच राहिला. १६ जूनपासून आम्ही ४९९ रुपयांची योजना सोडून ६९९ रुपयांची घेतली, आणि कर धरून महिन्याला सव्वाआठशेच्या आसपास बिल येईल असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात ३ जुलैच्या तारखेचे बिल १,५५५ रुपयांचे आले असून भरण्याची शेवटची तारीख २१ जुलै आहे.

बिल इंग्रजीत आहे. त्यातल्या ओळी मी मराठीत, आहे त्या क्रमाने उतरवून देत आहे:

मागील बाकी: ५८८.८२
मिळालेली रक्कम: ०.००
मासिक आकार, १ ते ३१ जुलै: ६९९.००
मासिक आकार, १६ ते ३० जून: ३४९.५०
मासिक आकार, १६ ते ३० जून: उणे २४९.५०
विलंब आकार: २०.००
केंद्रीय कर ९ टक्के: ७३.७१
राज्य कर ९ टक्के: ७३.७१
एकूण देय: १,५५५.२४

जून महिन्याचे बिल यजमानांनी पुण्याहून १४ जूनलाच मोबाइलवरून भरले होते. बँकेच्या खात्यातून ५८८.८२ रुपये गेलेले दिसतात, तरीही ‘मिळालेली रक्कम’ शून्य कशी? एकाच पंधरवड्याचा आकार दोनदा, आणि त्यातही एकदा उणे, हे काय आहे? कर दोन ठिकाणी लागला आहे, तो पैसे महाराष्ट्रातून भरल्यामुळे का? सासूबाईंना लाइन तुटण्याची फार काळजी वाटते, कारण त्यांच्या कोल्हापूरच्या बहिणीचा फोन रोज संध्याकाळी याच क्रमांकावर येतो. ‘आधी सगळे भरून टाक, मग काय ते विचार,’ असे त्या म्हणतात. तसे करणे योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: टिळकवाडी, निवृत्त लेखापाल

ताई, नमस्कार. आपण बिलातील प्रत्येक ओळ जशीच्या तशी दिली हे फार चांगले केले, कारण बहुतेक लोक केवळ शेवटचा आकडा सांगतात आणि त्यावरून कोणालाही काही सांगता येत नाही. आपल्या बिलात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी आल्यामुळे आकडा फुगला आहे. त्यांपैकी एक पूर्णपणे बरोबर आहे, एक चुकीची आहे आणि तिसरी त्या चुकीचा परिणाम आहे.

कोणतेही दूरध्वनी बिल दोन भागांत वाचावे. ‘मागील बाकी’ आणि ‘मिळालेली रक्कम’ या दोन ओळी जुन्या खात्याच्या आहेत. त्यांचा या महिन्याच्या वापराशी संबंध नाही. त्यांच्या खाली जे सुरू होते ते या बिलाचे स्वतःचे आकार. हे दोन भाग मनात वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आता या बिलाचे स्वतःचे आकार पाहू. आपल्या कंपनीची पद्धत महिन्याचा आकार आगाऊ घेण्याची दिसते, म्हणून जुलैच्या आरंभी निघालेल्या बिलात १ ते ३१ जुलैचे ६९९ रुपये आले आहेत. याच पद्धतीने जूनच्या बिलात संपूर्ण जूनचे ४९९ रुपये आपल्याकडून आधीच मागितले गेले होते, आणि त्यावर १८ टक्के कर धरला की ५८८.८२ होतात. पण १६ जूनला योजना बदलली. म्हणजे १६ ते ३० जून या पंधरा दिवसांसाठी जुन्या योजनेचे जे पैसे आधी लावले होते ते परत द्यायला हवेत, आणि त्याच दिवसांसाठी नव्या योजनेचे पैसे लावायला हवेत. ४९९ चे निम्मे २४९.५०, ते वजा झाले. ६९९ चे निम्मे ३४९.५०, ते अधिक झाले. जून तीस दिवसांचा असल्यामुळे निम्मे अगदी नेमके पडले. थोडक्यात, त्या पंधरवड्याचे आपल्याला फक्त १०० रुपये जास्त लागले आहेत आणि ते रास्त आहेत. योजना मध्येच बदलली की पुढच्या एका बिलात हे होतेच. ऑगस्टच्या बिलात या दोन ओळी दिसणार नाहीत.

विलंब आकाराचे २० रुपये मात्र रास्त नाहीत. जूनचे पैसे त्यांच्या नोंदीत आले नाहीत, म्हणून यंत्राने आपणच ते थकवले असे धरले आणि दंड लावला. दंडावरही कर बसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वस्तू व सेवा कर कायद्यात उशिराच्या भरण्यावरील व्याज आणि विलंब शुल्क हे सेवेच्या मूल्यातच धरले जाते. त्यामुळे २० रुपयांचे प्रत्यक्षात २३.६० झाले आहेत, आणि तक्रार करताना मागणी २३.६० ची करावी.

आता बेरीज करून पाहा. ६९९ अधिक ३४९.५० उणे २४९.५० अधिक २० म्हणजे ८१९. त्यावर ९ टक्के ७३.७१, असे दोनदा, म्हणजे १४७.४२. या बिलाची स्वतःची रक्कम झाली ९६६.४२. त्यात मागील बाकी ५८८.८२ मिळवली की १,५५५.२४. बेरीज बरोबर आहे. चूक बेरजेत नसून पहिल्या दोन ओळींत आहे. आपली अपेक्षा ८२४.८२ ची होती. फरक ७३०.४२ चा आहे आणि त्याचा पैसा न् पैसा लागतो: ११८ योजना बदलल्याचे, २३.६० दंडाचे, ५८८.८२ न नोंदलेल्या भरण्याचे.

माझ्या नोकरीची सगळी वर्षे वह्या जुळवण्यात गेली आणि बिल न वाचता भरून टाकण्याची सवय मला मनापासून खटकते. वयस्क माणसांच्या घरी तर ती हमखास असते, कारण लाइन तुटेल ही धास्ती. त्या धास्तीपोटी न लागणारे पैसे भरले जातात आणि ते परत मागण्याचे काम नंतर कोणीच करत नाही.

भरणा कुठे गेला हे शोधण्यासाठी एक काम आजच करा. यजमानांकडून १४ जूनच्या भरण्याची पावती मागवा. खात्यातून पैसे गेल्याची बँकेची नोंद पुरेशी नाही. ज्या ॲपमधून भरले त्यातील पावती हवी, आणि तिच्यावर कोणता खाते क्रमांक छापला आहे ते या बिलावरील खाते क्रमांकाशी एकेक अंक लावून पाहा. दूरध्वनी क्रमांक आणि खाते क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तार बदलून फायबर आली तेव्हा फोनचा क्रमांक तोच राहिला तरी खाते नवे उघडले गेले असण्याची दाट शक्यता आहे.

उत्तर: निपाणी

वरील उत्तरात हिशेब संपूर्ण आला आहे, म्हणून मी केवळ कराच्या शंकेविषयी लिहितो. सीमेवरच्या आपल्या घरांमध्ये ही शंका सारखी विचारली जाते आणि तिचे उत्तर सहसा अंदाजाने दिले जाते.

कर दोनदा लागलेला नाही. दूरसंचार सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि सेवा देणारा व घेणारा एकाच राज्यातले असले की तो ९ टक्के केंद्राचा व ९ टक्के राज्याचा असा दोन ओळींत छापला जातो. १ जुलै २०१७ पूर्वी बिलावर सेवा कर असे, तो अधिभार धरून १५ टक्के होता. त्यामुळे जुनी बिले जपून ठेवणाऱ्यांना आजचा आकडा मोठा वाटतो.

पैसे पुण्याहून भरले, मुंबईहून भरले की खडेबाजारातून, याचा कराशी काहीही संबंध नाही. एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम १२ मधील उपकलम ११ मध्ये हे स्पष्ट आहे: घरच्या लाइनच्या बाबतीत, लाइन ज्या जागी बसवली आहे ती जागा हेच सेवेचे ठिकाण. आपले यंत्र शहापुरात भिंतीला लावले आहे, म्हणून राज्याचा हिस्सा कर्नाटकाचा. खात्री करायची असेल तर बिलावर कंपनीचा जो कर नोंदणी क्रमांक छापलेला असतो त्याचे पहिले दोन अंक पाहा. २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र.

मोबाइलचा नियम मात्र वेगळा आहे, आणि आपल्याकडे गल्लत होते ती इथेच. महिनाअखेर बिल येणाऱ्या मोबाइलसाठी ग्राहकाचा बिलावरील पत्ता धरला जातो. निपाणीत राहणाऱ्या एखाद्याने कोल्हापूरच्या पत्त्यावर क्रमांक घेतला असेल तर तो दिवसभर निपाणीतच बोलला तरी राज्याचा हिस्सा महाराष्ट्राचा दिसेल. ग्राहकाला लागणारा दर दोन्हीकडे सारखाच, १८ टक्के, म्हणून खिशाला फरक पडत नाही. कोगनोळी किंवा शिनोळीच्या बाजूला मोबाइलवर पलीकडच्या राज्याच्या स्वागताचा संदेश येतो आणि काही जणांना वाटते की बिल वाढले. घरच्या तारेच्या फोनला तर रोमिंग ही गोष्टच लागू नाही.

मावशींच्या रोजच्या बोलण्याचीही चिंता नको. त्यांचा फोन कोल्हापूरहून येतो, म्हणजे बोलण्याचा आकार असलाच तर तो त्यांच्या बिलात. आपल्याकडून ०२३१ लावून बोलावे लागले तरी हल्लीच्या बहुतेक योजनांमध्ये देशभरातील बोलणे मासिक आकारातच येते. आपल्या बिलात बोलण्याची वेगळी ओळच नाही, यावरून आपली योजनाही तशीच असावी. मात्र १८०० ने सुरू होणारे क्रमांक निःशुल्क असतात आणि १८६० ने सुरू होणारे नसतात, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. बँका व विमा कंपन्यांचे पुष्कळ क्रमांक १८६० चे असतात आणि काही योजनांमध्ये ते मासिक आकारात धरलेले नसतात.

प्रश्नकर्त्या: शहापूर

दोघांचेही मनापासून आभार. टिळकवाडीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे यजमानांकडून पावती मागवली. तिच्यावरचा खाते क्रमांक या बिलावरच्या क्रमांकाशी जुळत नाही. सुरुवातीचे अंक सारखे आहेत, शेवटचे वेगळे. त्यांच्या ॲपमध्ये मागच्या वर्षीपासून जतन केलेले जुने खाते होते, त्यावरच रक्कम टाकून भरणा झाला. पावतीवर ‘यशस्वी’ असे लिहिले आहे. हे पैसे आपोआप परत येतात का, की आम्हाला मागावे लागतील? आणि तक्रार कोणी करायची, कारण बिल अजून सासऱ्यांच्याच नावाने येते?

उत्तर: खानापूर

ताई, हे पैसे आपोआप परत येणार नाहीत, म्हणून वाट पाहत बसू नका. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे, त्यानुसार युपीआयने भरताना खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला पोहोचल्याची खूण मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हावे लागतात आणि त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. आपल्या बाबतीत भरणा यशस्वी झाला आहे, पैसे कंपनीला पोहोचले आहेत, फक्त जुन्या खात्यावर पडले आहेत. त्यामुळे बँकेकडे किंवा ॲपकडे जाऊन उपयोग नाही. कंपनीलाच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नोंद फिरवावी लागेल.

त्यासाठी कंपनीच्या तक्रार केंद्रावर फोन करून तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक, म्हणजे डॉकेट क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, २०१२ नुसार प्रत्येक तक्रारीला असा क्रमांक देणे बंधनकारक आहे. खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याने ‘बघतो, पुढच्या बिलात होऊन जाईल’ असे कितीही आपुलकीने सांगितले, तरी क्रमांकाविना ती तक्रार झालेलीच नसते. फोननंतर तोच मजकूर लेखी द्या किंवा ई-मेल करा. त्यात एवढेच असावे: जुना खाते क्रमांक, नवा खाते क्रमांक, भरण्याची तारीख १४ जून, रक्कम ५८८.८२, पावतीवरील व्यवहार क्रमांक, आणि मागण्या दोन, रक्कम नव्या खात्यावर वळती करावी व विलंब आकार करासह २३.६० रुपये रद्द करावा. रागाची वाक्ये, आधीचे अनुभव, यंत्र बसवणाऱ्याची गैरशिस्त हे सगळे बाजूला ठेवा; वाचणाऱ्याला दोन मिनिटांत काम कळले तर ते होण्याची शक्यता फार वाढते. पत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहिता येत नसेल तर गल्लीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाकडून लिहून घ्या. आकडे आणि तारखा बरोबर असल्या की पुरे.

मुदतीत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. बरेच लोक हा टप्पा सोडून थेट दिल्लीला दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे पत्र पाठवतात. ते प्राधिकरण एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, त्यामुळे वेळ जातो.

त्याही पुढे जावे लागलेच तर बेळगावात जिल्हा ग्राहक आयोग आहे. २००९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर दूरध्वनी बिलांचे वाद ग्राहक मंचांत चालत नाहीत असे सांगून लोकांना परत पाठवले जात असे, आणि अजूनही काही जण तेच सांगतात. पण १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात असे स्पष्ट केले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्कही लागत नाही. सहाशे रुपयांसाठी तिथवर जायची वेळ बहुधा येणार नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहावे.

आता नावाविषयी, आणि ही गोष्ट मला बिलापेक्षाही महत्त्वाची वाटते. जोडणी सासूबाईंच्या किंवा आपल्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती अशी कागदपत्रे सहसा मागतात. साधी तक्रार घरातील कोणीही केली तरी बहुधा नोंदवून घेतात, पण अनामत परत घेणे, जोडणी बंद करणे, अपील करणे अशा प्रत्येक ठिकाणी पुढे ‘ग्राहक कोण?’ असे विचारतात आणि काम अडते. जुन्या तारेच्या जोडणीची अनामत अजून जुन्या खात्यावर पडून असेल, तर तिचा हिशेबही याच वेळी लेखी मागा. जुने यंत्र परत दिले असेल तर त्याची पोच शोधून ठेवा, नाहीतर त्याची किंमत अंतिम बिलात लावली जाऊ शकते.

सासूबाईंना एक गोष्ट अवश्य सांगा. ‘दूरसंचार खात्यातून बोलतो, दोन तासांत तुमचा फोन बंद होणार आहे, नऊचे बटण दाबा,’ अशा प्रकारचे फोन येतात. बिलाची चिंता असलेल्या घरी असा फोन आला की माणूस घाबरून सगळी माहिती देतो. खरी थकबाकी असली तरी तिच्यासाठी कोणी बटण दाबायला सांगत नाही. असा फोन लगेच ठेवावा, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न करता १९३० वर कळवावे.

उत्तर: टिळकवाडी, निवृत्त लेखापाल

आता किती भरावे याचे उत्तर देता येते. या बिलाची स्वतःची रक्कम ९६६.४२, त्यातून वादातले २३.६० वजा केले की ९४२.८२ राहतात. हे पैसे निर्विवाद आहेत आणि ते २१ जुलैच्या आधी भरले पाहिजेत. तक्रार चालू आहे म्हणून संपूर्ण बिल अडवून ठेवणे चुकीचे, कारण मग पुढच्या बिलात खरोखरच विलंब आकार लागेल आणि लाइन तुटल्यास आपली बाजू दुबळी होईल.

काही ॲप बिलाची पूर्ण रक्कमच घेतात, कमी घेत नाहीत. तसे असल्यास कंपनीच्या भरणा केंद्रावर डॉकेट क्रमांक दाखवून ९४२.८२ भरण्याची विनंती करा. तिथेही नाकारले आणि तारीख अगदी जवळ आली, तर सासूबाईंचे म्हणणे ऐकून १,५५५.२४ पूर्ण भरून टाका. पण तक्रारीत एक वाक्य वाढवा की ६१२.४२ रुपये आम्ही हक्क राखून भरले असून ते पुढील बिलात वळते करावेत. म्हणजे ऑगस्टच्या बिलात तेवढी रक्कम आपल्या खात्यावर जमा दिसली पाहिजे. नव्या योजनेचे ८२४.८२ मधून ६१२.४२ गेले की ऑगस्टसाठी फक्त २१२.४० उरतात. याहून मोठा आकडा आला, तर सर्वांत आधी ‘मिळालेली रक्कम’ ही ओळ पाहा.

आणि भरण्यापूर्वी यजमानांना ॲपमधले जुने खाते काढून टाकायला सांगा.